कोमलचा प्रसंग

ही गोष्ट माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडते आहे. नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्या मुलाला तर मुळीच नाही. सात वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखत असता तर सांगितलं नसतं — हेही आधीच कबूल करून टाकते.

मी कोथरूडला मुलाखतीचे क्लास घेते. म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला जाताना सीव्ही कसा लिहायचा, काय बोलायचं, काय गिळायचं, हे मुलांना शिकवते. त्याआधी पंधरा वर्षं एका कंपनीत एचआरमध्ये होते. समोर बसलेल्या मुलांना गोड शब्दांत नाही म्हणायचं, हे माझं काम. मग वाटलं, कंपन्या ‘नाही’ का म्हणतात तेच शिकवावं. घरच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या, एक पांढरा फळा, संध्याकाळी पाचची बॅच. क्लास माझ्या माहेरच्या नावाने चालतो. नोकरीत तेच नाव होतं, लोक त्याच नावाने ओळखायचे, म्हणून. त्यात तेव्हा काही लबाडी नव्हती. लबाडी नंतरची.

मुलं जे सीव्ही घेऊन येतात ते बघून हसावं की रडावं कळत नाही. वर गणपतीचं चित्र नसतं एवढंच, बाकी लग्नाचा बायोडेटा. वडिलांचं नाव, जन्मतारीख — एकाने तर उंचीसुद्धा लिहिली होती. छंद: वाचन. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस, असं विचारलं की पंख्याकडे बघतात. सगळ्यांत खाली ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा आणि सही. ती प्रतिज्ञा मी पहिल्याच दिवशी लाल पेनाने काटते. उगाच जागा खाते, म्हणते मी.

मग माझी पद्धत सुरू होते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातले तीन प्रसंग वर्गासमोर सांगायचे. खरे, घडलेले. कारण हल्ली मुलाखतीत हेच विचारतात — भांडण मिटवलंत असा एखादा प्रसंग सांगा, तोंडावर आपटलात असा एखादा सांगा. मी ते प्रसंग एका वहीत लिहून घेते, कुठला कुठल्या प्रश्नाला बसेल ते समासात लिहिते, आणि घासूनपुसून ज्याचा त्याला परत देते.

पण यात एक आतली गोष्ट आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांकडे प्रसंगच नसतो. शाळा, क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास. आईने डबा दिला, बाबांनी गाडी दिली, कुणाशी भांडण नाही, कशाची टंचाई नाही — सांगणार काय, डोंबल? अशांना मी जुन्या मुलांचे प्रसंग देत असे, नाव-गाव बदलून. जुना मुलगा नोकरीला लागून बंगळूरला गेलेला. त्याला आता त्याचा काय उपयोग? सगळेच क्लासवाले करतात हे — नाही, हे वाक्य राहू दे. मी करत असे. माझा एकच नियम होता: ज्याचा प्रसंग, तो अजून नोकरी शोधतोय, तर त्याच्या प्रसंगाला हात लावायचा नाही. नियम कुणी लादला नव्हता, माझा मीच केला होता.

कोमल खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातून यायची. दोन बस बदलून, आणि तरी वेळेच्या दहा मिनिटं आधी. बी.कॉम. झालेली, घरी शेती, घरातली पहिलीच पदवी. इंग्रजी चाचपडत बोलायची, पण अडली म्हणून थांबायची नाही. मराठी शब्द घालून पुढे जायची. तिची प्रसंग सांगायची पाळी एका मंगळवारी आली. वार का लक्षात आहे, ते पुढे सांगते.

“आमच्या घरातनं धरण दिसतं मॅडम,” ती म्हणाली, “पण पानी टँकरनं येतं.” वर्ग हसला. तिला हसण्याचं काही वाटलं नाही. गाव महापालिकेत गेलं, कर सुरू झाला, नळ काही आला नाही. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि पाराजवळ बायकांची हाणामारी व्हायची. अगदी झिंज्या धरण्यापर्यंत. एकदा एका पोटुशी बाईला धक्का लागून ती पडली. तेव्हा कोमल बारावीत होती. तिने दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा डबा घेतला आणि गावातल्या सगळ्या हंड्यांवर नंबर घातले. वरच्या आळीचे लाल, खालच्या आळीचे हिरवे. आज जी आळी शेवटी, ती पुढच्या वेळी पहिली. ज्या घरात बाळंतीण, त्या घराचा हंडा कायम सगळ्यांच्या आधी. सतरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार? कुणी ऐकेना. तेव्हा तिने काय केलं ते तिच्याच शब्दांत सांगते, कारण ते शब्द मला पाठ आहेत.

“सगळ्यात भांडकुदळ कोन, तर आमची चुलती. मग यादी तिलाच दिली. म्हनलं, काकू, नंबर आता तुमीच पुकारायचा. तवापासनं ती भांडलीच न्हाय. भांडनार कुनाशी? यादी तिच्याच हातात हाय!”

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी वेगळा. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. पंधरा वर्षं मी लोकांना हा प्रश्न विचारला होता, आणि असं उत्तर एकदाही ऐकलं नव्हतं. मॅनेजर झालेल्या माणसांकडूनही नाही. मी वहीत दोन पानं भरून लिहून घेतलं. चुलतीचं वाक्य तर जसंच्या तसं.

आणि मग मी तिला म्हटलं — हे नको सांगूस.

म्हटलं, बाळा, हंडे-कळश्या, झिंज्या, हे ऑफिसात शोभत नाही. समोरच्याला वाटतं, ही मुलगी अजून गावातून बाहेर आलेली नाही. तुला मी दुसरं देते. मग कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ऐन वेळी निवेदक आला नाही आणि मी कार्यक्रम सांभाळला — असलं एक शिळं उत्तर तिला दिलं. शेकडो मुलांनी चघळून चोथा झालेलं. तिने एकदाच विचारलं, “पन मॅडम, हे तर माझ्याबाबतीत झालंच न्हाय?” मी म्हटलं, ते मला बघू दे. तिने मान हलवली आणि पाठ करायला घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? शिक्षिकेचा सल्ला चुकला. चुकतात शिक्षक. मीही कितीतरी दिवस इथेच येऊन थांबायचे. सल्ला चुकला, बस्स. पण तसं नाही ते.

आता सौरभबद्दल सांगावं लागेल. सौरभ माझा मुलगा, एकुलता एक. इंजिनिअर झाला, चांगल्या मार्कांनी झाला, आणि दीड वर्ष घरी बसला. लेखी परीक्षा पास व्हायचा, मुलाखतीत मुका. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की दोन वाक्यं, आणि मग घाम. दोष त्याचा तरी कसा म्हणू? सांगण्यासारखं त्याच्या आयुष्यात आम्ही काही घडूच दिलं नव्हतं. आणि मी कोण — मुलाखतीचा क्लास घेणारी बाई! खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात अडवलं. “सौरभ तुमच्याच क्लासला येतो का हो? नाही, आपलं सहज विचारलं.” पुण्यात सहज कुणी काही विचारत नाही. त्या दिवसापासून मी लिफ्टने जायला लागले.

कोमलने प्रसंग सांगितला त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी सौरभची सहावी मुलाखत गेली होती. वार त्यासाठी लक्षात आहे. चार दिवस तो खोलीतून जेवायलासुद्धा धड बाहेर आला नव्हता.

तर मग — ‘हे नको सांगूस’ असं कोमलला म्हणताना माझ्या मनात काय होतं? सात वर्षं मी या प्रश्नाला वळसा घालून जाते आहे. ऑफिसात शोभणार नाही, असं मला खरंच वाटलं होतं का? जिने पंधरा वर्षं माणसं निवडली तिला? छे. मला स्वच्छ कळलं होतं की हे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला नोकरी मिळणार. म्हणून तर तिला नको म्हटलं. तिच्या हातून ते सुटावं म्हणून. वर्गात बाकीची अकरा मुलं बसलेली असताना, फळ्याशी उभं राहून, गोड आवाजात मी तिचं उत्तर काढून घेतलं. ती मला थँक्यू म्हणाली.

नियमाचं काय, विचाराल. नियमाची मी सोय लावली. म्हटलं, तिने ते टाकून दिलंय, आता ते कुणाचंच नाही. टाकायला कुणी लावलं हे मी मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी, नवरा फिरायला गेला की, जेवणाच्या टेबलावर मी सौरभची तयारी घ्यायला लागले. कोमलचं गाव तेच ठेवलं, फक्त त्याचं नाव गाळलं, आणि कोमलला काढून टाकलं. आता तिथे कॉलेजच्या एनएसएसचं शिबिर भरलं होतं, आणि शिबिराला गेलेल्या सौरभने बायकांची भांडणं बघून नंबरांची युक्ती काढली होती. भांडकुदळ चुलतीला मी ‘की स्टेकहोल्डर’ केलं. बाळंतिणीच्या हंड्याला ‘प्रायॉरिटी’ म्हटलं. सौरभ एनएसएसमध्ये होता खरा. दोन दिवस जाऊन डास चावले म्हणून परत आला होता. त्याने विचारलं, “आई, हे कोणाचं आहे?” मी म्हटलं, जुन्या एका मुलाचं. आता परदेशात असतो तो. म्हणजे स्वतःच्या मुलाशीही मी खरं बोलले नाही. पंधरा दिवसांत त्याला ते असं बसलं की मला वाटलं, हा खरंच तिथे उभा होता. पहिल्यांदा त्याच्या आवाजात जोर आला. तुम्हाला सांगते, मला त्या वेळी आनंद झाला होता. नुसता आनंद, त्यात टोचणी-बिचणी काही नव्हती.

वृंदा माझी जुनी सहकारी. खराडीच्या एका कंपनीत ती बऱ्याच वरच्या जागेवर गेली होती. तिचा फोन आला — ट्रेनीची एक जागा आहे, पदवी कुठलीही चालेल, पण मुलगा किंवा मुलगी चार माणसांना सांभाळून घेणारी हवी. तुझ्याकडची दोन चांगली नावं पाठव. मी सौरभचं पाठवलं. आडनाव त्याचं वडिलांचं, क्लास माझ्या माहेरच्या नावाचा. वृंदाने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो दुसरीत होता. माझा मुलगा आहे हे मी तिला सांगितलं नाही. आणि दुसरं नाव कोमलचं पाठवलं.

का पाठवलं? तीच सगळ्यांत चांगली होती म्हणून. तिला डावलणं माझ्या तत्त्वात बसेना! बघा माझं तत्त्व. तिचं उत्तर काढून घेतलं तेव्हा ते कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. शिवाय मला खात्री होती — कोमल सांगितलेलं ऐकते. ती स्नेहसंमेलनाचं सांगणार, सौरभ टँकरचं सांगणार, आणि बाकी वृंदा काय ते ठरवणार. म्हणजे स्पर्धा अगदी न्याय्य, नाही का?

सौरभची वेळ सकाळी अकराची होती, कोमलची दुपारी दोनची. ती त्या दिवशी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तीन बस बदलून गेली. सौरभला मी नवऱ्याच्या गाडीतून पाठवलं.

चार वाजता मी मेथी निवडत बसले होते. वृंदाचा फोन आला. हसत होती.

“अगं, तुझ्या क्लासची एक गंमत सांगू? तुझी दोन्ही मुलं एकच गोष्ट सांगून गेली. तेच हंड्यांचे नंबर, तीच यादी, तीच भांडखोर बाई. मुलगा सकाळी अगदी सफाईने बोलला. मुलीने आधी कसलं तरी स्नेहसंमेलनाचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, ते राहू दे, तुझं स्वतःचं, घडलेलं काहीतरी सांग. तर तिने हे सांगितलं. मराठीतच.” मग तिचं हसणं थांबलं. “एकाचं खरं आहे आणि एकाने ढापलंय. ढापणारं माणूस मला नको. तुझ्याकडे वही असते ना? कुणाचं आहे गं हे?”

माझ्या हातात मेथीची काडी होती. मला आठवतंय, मी त्या काडीची पानं एकेक करून खुडत होते आणि फोन कानाशी होता. एक शब्द बोलायचा होता. वृंदा काही परकी नव्हती. दोन शिव्या घातल्या असत्या, सौरभची जागा गेली असती, माझी थोडी शोभा झाली असती. तिच्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. एवढंच होणार होतं. याहून जास्त काही नाही. मी घाबरले कशाला? जिन्यातल्या त्या काकूंना? चार दिवस बंद असलेल्या खोलीच्या दाराला? की मी पकडली जाईन याला? खरं सांगायचं तर मी घाबरलेसुद्धा नव्हते. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मुलांना मी शिकवते तसंच — गडबडायचं नाही, आधी हसायचं, मग बोलायचं.

मी हसले. म्हटलं, “अगं, वर्गात सगळे एकमेकांचे प्रसंग ऐकत असतात ना. तिने त्याचं ऐकलं असेल. तू अचानक विचारलंस म्हणून गडबडली असेल, बिचारी.”

सौरभ कधी त्या वर्गात बसलाच नव्हता. वृंदाला ते कसं कळणार? आणि ‘बिचारी’ म्हणाले मी. तो शब्द मला कुणी बोलायला लावला नव्हता.

वृंदा म्हणाली, “मला उलटं वाटलं होतं. बरं झालं तुला विचारलं.”

फोन ठेवला आणि मी मेथीची भाजी केली. सौरभला आवडते म्हणून लसूण जास्त घातला. रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला. तिसऱ्या दिवशी त्याला पत्र आलं. मी सोसायटीत पेढे वाटले — खालच्या मजल्यावर आधी.

कोमल त्यानंतरच्या सोमवारी क्लासला आली. नेहमीसारखी दहा मिनिटं आधी. बाकी कुणी आलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता ही विचारणार. काय सांगायचं याची मी दोन दिवस तयारी केली होती. तयारी करण्यात माझा हात कोण धरणार? आवाज चढवायचा की दुखावल्यासारखं बोलायचं, इथपर्यंत ठरवलं होतं. त्यातलं काही लागलं नाही.

ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच म्हणाली, “मॅडम, माझं चुकलं. तुमी सांगितलं हुतं टँकरचं सांगू नको म्हनून, आन मी सांगितलं. त्या मॅडम म्हनल्या स्वतःचं सांग, मग मला दुसरं काय सुचंना. नंतर तिथल्या एका सरांनी सांगितलं, असली उसनी उत्तरं देत जाऊ नका. त्यांना खोटंच वाटलं मॅडम. माझ्यासारखीनं असं काय केलं आसंल, असं त्यांना वाटंना.”

तिच्या मनात माझ्याबद्दल एवढीसुद्धा शंका नव्हती. तिला वाटलं, आपल्याकडे बघून त्यांना ते खरं वाटलं नाही. आपले कपडे, आपलं बोलणं, आपलं गाव. तिने सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि वर माझी माफी मागायला आली होती. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

तिथेही मला सांगता आलं असतं. नोकरी गेली होती, पण ही दुसरी गोष्ट अजून गेली नव्हती. ‘त्यांना खोटं वाटलं नाही गं, मी तुला खोटं ठरवलं’ — एवढं म्हटलं असतं तर ती माझ्या तोंडावर थुंकून गेली असती, पण ताठ मानेने गेली असती. आपलं खरं होतं हे तिला कळलं असतं. मी काय म्हणाले, ऐका.

मी म्हटलं, “पुढच्या वेळी माझं ऐकत जा.”

ती ‘हो मॅडम’ म्हणाली. तेवढ्यात बाकीची मुलं आली आणि मी फळ्यावर त्या दिवसाचा विषय लिहायला घेतला.

माझ्या मते फोनपेक्षा हे वाईट होतं. फोनवर मी माझ्या मुलाला वाचवत होते, असं निदान म्हणता तरी येतं. इथे कुणाला वाचवत होते? सौरभला पत्र मिळून चुकलं होतं. इथे मी फक्त मॅडम राहिले.

कोमलने पुढे ऐकलं. तीन महिन्यांनी तिला सिंहगड रस्त्यावरच्या एका पतसंस्थेत कारकुनाची नोकरी लागली. तिथे कुणी प्रसंग विचारले नाहीत. हस्ताक्षर बघितलं आणि घेतलं. चार माणसांनाच काय, चाळीस माणसांना सांभाळून घेणारी ती मुलगी पावत्यांवर शिक्के मारायला बसली. पहिल्या पगारानंतर मला भेटायला आली, पेन घेऊन. दरवर्षी गुरुपौर्णिमेला तिचा मेसेज येतो. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. आजवर कधी त्याखाली एक शब्द लिहिलेला नाही.

सौरभचं उत्तम चाललंय. दोन बढत्या झाल्या, लग्न झालं, खराडीतच फ्लॅट घेतला. कंपनीत नवीन मुलं आली की त्यांच्यासमोर बोलायला त्याला बोलावतात, आणि तो टँकरचं सांगतो. गेल्या दिवाळीत जेवताना सुनेने विचारलं म्हणून आम्हा सगळ्यांपुढे सांगितलं. आता त्यात भर पडली आहे — त्या भांडकुदळ बाईने शेवटी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणे. सून कौतुकाने बघत होती. नवरा म्हणाला, अरे, हे आम्हाला कधी बोलला नाहीस! मी उठून आमटी गरम करायला गेले. परदेशातल्या त्या जुन्या मुलाला सौरभ आता विसरला असावा. मी आठवण करून दिली नाही.

एवढी वर्षं गप्प बसले, मग आत्ताच का बोलते आहे, हे सांगायला हवं. मागच्या महिन्यात क्लासला एक मुलगी आली. अंकिता. म्हणाली, मी कोमलताईची धाकटी बहीण, ताईने तुमच्याकडेच जायला सांगितलंय, दुसरीकडे कुठे नाही.

तिचा सीव्ही मी हातात घेतला. सात वर्षांत असा सीव्ही बघितला नाही. एक पान, एक खाडाखोड नाही, काटण्यासारखं काही नाही. ताईने बसवून करून घेतला होता. पत्ता सिंहगड रस्त्याचा, एका मावशीकडचा. शेतीचा उल्लेख नाही. गावाचं नाव कुठेही नाही. इंग्रजी स्वच्छ, बोलणं तर तुमच्या-माझ्यासारखं, त्यातलं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ घासून काढलेलं.

मी तिला तीन प्रसंग विचारले. ती म्हणाली, “माझ्याकडे तसं काही नाही मॅडम. तुम्ही द्याल तो पाठ करीन.”

मला राहवलं नाही. विचारलं, “गावात पाणी आलं का गं आता?”

“नाही मॅडम, अजून टँकरच आहे.” मग ती जरा हसली. “ताईची यादी अजून चालते. चुलती म्हातारी झाली, आता यादी मी पुकारते. पण ते बाहेर बोलायचं नाही, ताईने बजावलंय. ती म्हणते, आपण असलं काही सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. तिचा अनुभव आहे ना तसा.”

आणि ती माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला. तिच्या हातात पेन होतं, वही उघडी होती. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. सौरभ खराडीला, नवरा बाहेर गेलेला, जिन्यात कुणी नाही. या वेळी वाचवायलाही कुणी नव्हतं.

मी म्हटलं, “ताईचं बरोबर आहे.”

अंकिताने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.